दात शरीराचा भाग नाहीत का?

गेल्या डिसेंबरात माझा भाचा शिकागोहून सुट्टीला आला. घरी पोहोचून दोन दिवस झाले नाहीत तोच म्हणाला, “खाला, दातांचा चांगला डॉक्टर सांग. 31 तारखेच्या आत काम उरकायचंय.” मला वाटलं, दाढ ठणकत असेल. दाढ किडलेली होतीच, पण घाई वेगळ्या कारणाने होती. त्याच्या खात्यात पैसे पडून होते आणि वर्ष संपलं की ते बुडणार होते.

हे खातं काय, ते त्याच्याकडून नीट समजून घेतलं. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या नोकरदारांना फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे एफएसए, देतात. वर्षाच्या सुरुवातीला आपण रक्कम ठरवायची. 2025 साठी तिची मर्यादा 3,300 डॉलर होती. ती दर पगारातून थोडी थोडी कापली जाते, पण कर लागण्याआधी. दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल, दात काढणं, तारा, कवळी हे सगळं त्यातून चालतं. दात पांढरेशुभ्र करून घेणं चालत नाही, कारण ती हौस. उपचार परदेशात झाला तरी तपशीलवार बिल दाखवता येतं. उरलेले पैसे मात्र साधारणपणे बुडतात. काही कंपन्या थोडी रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात किंवा अडीच महिन्यांची मुदत देतात. त्याची कंपनी यातलं काहीच देत नव्हती.

दुसरं खातं हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. ते 2004 पासून आहे. त्यातले पैसे बुडत नाहीत, नोकरी सुटली तरी खातं आपलंच राहतं. पण ज्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च आपल्याच खिशातून जातो, तसा विमा असणाऱ्यालाच ते उघडता येतं.

ऐकून मला आधी हेवाच वाटला. दाताचा खर्च काही अपघातासारखा अचानक येत नाही. कीड लागते, थंड पाणी झोंबतं, आपण महिनोन्महिने एका बाजूने चावतो. म्हणजे तयारीला वेळ असतो, फक्त पैसे बाजूला काढलेले नसतात. हे खातं ते काढायला लावतं. एफएसएची आणखी एक गोष्ट आवडली : वर्षभराची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, कपात नंतर होत राहते.

पण नंतर वही-पेन घेऊन हिशेब मांडला. भाच्याच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर 22 टक्के केंद्रीय आयकर लागतो, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के. म्हणजे 1,000 डॉलरमागे साधारण 296 वाचले. 12 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे 196 वाचतात. ज्याची कमाई इतकी कमी की आयकर लागतच नाही, त्याचे फार तर 76. जो रोजंदारीवर आहे, टॅक्सी चालवतो, स्वतःचं छोटं दुकान चालवतो, त्याला एफएसए मिळतच नाही. दाढ सगळ्यांची सारखीच दुखते. सवलत मात्र पगार बघून मिळते.

खरी गोष्ट पुढे घडली. भाच्याला आपाची, म्हणजे त्याच्या आईची, कवळी त्याच पैशातून करायची होती. नियम पाहिला तर खातं स्वतःसाठी, जोडीदारासाठी आणि कायद्याने आश्रित असलेल्यांसाठी. भारतात राहणारी आई त्यात बसत नाही. आईला पोसणारा मुलगा आणि ‘आश्रित’ नसलेली आई! कवळीचे पैसे त्याने वेगळे दिले. पण ज्या मुलाला वेगळे देणं परवडणार नाही, त्याच्या आईचं काय?

आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं नाही. पूर्वी कंपनीने दवाखान्याची बिलं भरून दिली, तर वर्षाला 15,000 रुपयांपर्यंत त्यावर कर लागत नसे. दाताचं बिलही त्यात चालायचं. 2018 च्या अर्थसंकल्पात ती सवलत गेली आणि 40,000 रुपयांची सरसकट वजावट आली. हिशेब सोपा झाला हे मान्य. पण आरोग्यासाठी म्हणून वेगळा ठेवलेला पैसा पगाराच्या ढिगात मिसळून गेला. आरोग्य विम्याचं म्हणाल, तर आपल्या बहुतेक पॉलिसींत दात बाहेरच असतात. अपघातात जबडा फुटून दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तरच विचार होतो. तिकडेही दातांचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि वयस्करांच्या मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचे दंतोपचार येत नाहीत. दात शरीराचा भाग नाहीत, असं दोन्ही देशांनी जणू एकमताने ठरवलंय.

माझ्या अम्मीची दाढ वाचली असती. डॉक्टरांनी रूट कॅनल आणि कॅपचे मिळून नऊ हजार सांगितले, काढायचे पाचशे. अम्मी म्हणाली, “काढून टाका, या वयात काय करायची आहे?” मी त्या महिन्यात गप्प बसले. एकामागून एक चार गेल्या. आता ती भाकरी दुधात कुस्करून खाते. ज्या दीनमध्ये मिसवाकवर इतका भर आहे, त्या घरात हे व्हावं, याची मला लाज वाटते.

म्हणून माझं मत असं. करसवलतीची खाती चांगली, पण ती पगारदारांची सोय आहे. तिला आरोग्य योजना म्हणू नये. सरकारकडे मागायचंच असेल, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रूट कॅनल आणि कवळी होईल, एवढं मागूया. ते कर भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला सारखंच उपयोगी पडेल.

आणि तोवर आपण? आपल्या बैतुलमालमधून ऑपरेशनला मदत होते, डायलिसिसला होते. दातासाठी अर्ज केलेला मी तरी कुणी पाहिला नाही. मागणाऱ्यालाच संकोच वाटतो. जमातच्या जबाबदार मंडळींनी एकदा जाहीर सांगावं की कवळीसाठीही अर्ज करता येईल. आम्ही शाळेतल्या सहा जणींनी भिशीतून महिन्याला दोनशे रुपये याच कामासाठी वेगळे काढायला सुरुवात केली आहे. पहिला नंबर शाळेच्या मावशींचा. त्यांची दाढ काढायची नाही, वाचवायची असं ठरलं आहे.