शिक्का खरा, दाखल्याचे काय?

कुवेतमध्ये नोकरी मिळालेली कोट्टायमची परिचारिका, कॅनडाला शिकायला निघालेला लुधियानाचा विद्यार्थी आणि सिंगापुरात शाखा उघडू पाहणारा राजकोटचा कारखानदार यांना परदेशी पाऊल टाकण्यापूर्वी एकाच दिव्यातून जावे लागते. आपली कागदपत्रे खरी आहेत, हे त्यांना आधी आपल्याच सरकारकडून वदवून घ्यावे लागते. देशांतर्गत व्यवहारात राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीपासून नागरिकाची बरीच सुटका झाली. स्वसाक्षांकन रूढ झाले. सीमा ओलांडायची म्हटली की मात्र जुने राज्य पुन्हा सुरू होते.

हा त्रास कमी व्हावा म्हणूनच ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला. पूर्वी एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य ठरण्यासाठी परराष्ट्र मंत्रालय आणि त्यानंतर संबंधित देशाची वकिलात अशी सह्यांची साखळी पूर्ण करावी लागे. करार करणाऱ्या देशांनी तिच्या जागी ‘अपॉस्टिल’ हे एकच प्रमाणपत्र मान्य केले. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. पुढे सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरमध्ये, चीन २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आणि कॅनडा २०२४ च्या जानेवारीत या व्यवस्थेत आला. संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत बाहेरच राहिल्याने लाखो भारतीय कामगारांच्या वाट्याला वकिलातीच्या खेपा उरल्या. तरीही कराराची व्याप्ती वाढत आहे, ही जमेची बाजू होय.

प्रश्न आहे तो आपल्या उंबरठ्याच्या आतला. करारामुळे परकीय वकिलातीची पायरी गेली. आपल्या पायऱ्या आपण जशाच्या तशा ठेवल्या. परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिल देते ते राज्य शासनाच्या सहीच्या आधारावर. शैक्षणिक कागदांसाठी राज्याचा शिक्षण विभाग, जन्म-विवाहाच्या दाखल्यांसाठी गृह वा सामान्य प्रशासन विभाग आणि व्यापारी कागदांसाठी मान्यताप्राप्त चेंबर ऑफ कॉमर्स. केरळने ‘नोर्का रूट्स’ या संस्थेमार्फत त्याची सुविहित व्यवस्था लावली, कारण तेथील घराघरांचा आखाताशी संबंध आहे. अन्यत्र अर्जदाराला राजधानी गाठावी लागते किंवा दलालाचे दार. मंत्रालयाचे अपॉस्टिलचे शुल्क ५० रुपये आहे. दलालाचे बिल काही हजारांत जाते. मधल्या अंतराची किंमत ती हीच.

यावर दिल्लीत एक पळवाट रूढ झाली आहे. राज्याच्या विभागाकडून विलंब होत असेल, तर नोटरीने साक्षांकित केलेल्या प्रतीवर दिल्लीतील उपविभागीय दंडाधिकाऱ्याची सही घ्यावी आणि त्याआधारे पुढे जावे. बिहार वा ओडिशातील विद्यापीठाची नोंदवही ज्याने कधी पाहिली नाही, असा अधिकारी त्या विद्यापीठाच्या पदवीला वाट मोकळी करून देतो. यात बेकायदा काही नाही, पण प्रामाण्य कशाचे झाले? नोटरीच्या शिक्क्याचे! अपॉस्टिलही मुळात तेवढेच सांगते : सही अमुक अधिकाऱ्याची आहे, तो त्या पदावर आहे आणि मुद्रा खरी आहे. मजकुराच्या सत्यतेची हमी ते देत नाही. खाली पडताळणी झालीच नसेल, तर वरचा शिक्का कितीही अस्सल असला तरी त्याला अर्थ उरत नाही.

बाहेरच्यांना हे कळत नाही असे समजू नये. भारताच्या प्रवेशावर काही युरोपीय देशांनी आक्षेप नोंदवले होते. बहुतेकांनी ते मागे घेतले, जर्मनीने घेतले नाहीत. त्यामुळे उभय देशांत अपॉस्टिल चालत नाही. जन्म वा विवाहाच्या दाखल्याविषयी जर्मन कार्यालयाने विचारणा केली, की तेथील दूतावास वकिलांमार्फत थेट गावच्या नोंदवहीपर्यंत चौकशी करवतो. वेळ जातो आणि खर्च अर्जदाराच्या माथी येतो. याच जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला. माणसे हवी आहेत, त्यांच्या कागदांवर मात्र विश्वास नाही. या अविश्वासाने आपण दुखावले जाण्याचे कारण नाही. तो दूर करणे बव्हंशी आपल्याच हाती आहे.

त्याचा मार्ग मंत्रालयाने स्वतःच दाखवला आहे. २०१७ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कागदांपासून सुरू झालेल्या ‘ई-सनद’ प्रणालीत अर्ज ऑनलाइन होतो, कागद देणारी संस्था आपल्या संगणकीय नोंदीशी तो ताडून पाहते आणि मगच मंत्रालय प्रमाणित करते. येथे पडताळणी उगमापाशी होते. मात्र ज्या संस्थेच्या नोंदी संगणकावर नाहीत, तिच्या पदवीधराला ही सोय निरुपयोगी. जुनी राज्य विद्यापीठे, शिक्षण मंडळे आणि ग्रामपंचायतींच्या हस्तलिखित नोंदवह्या यांचा प्रश्न तेथेच अडतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि राष्ट्रीय विदागाराची तरतूद झाली. परंतु आज परदेशी जाणारी पिढी त्यापूर्वी जन्मलेली आहे.

उद्योजकाची तऱ्हा तर आणखी विचित्र. कंपनी स्थापनेचे प्रमाणपत्र कंपनी व्यवहार मंत्रालय डिजिटल स्वाक्षरीसह देते. ते परदेशी बँकेला द्यायचे झाल्यास आधी छापायचे, मग नोटरी, मग चेंबरचा शिक्का. केंद्राच्या एका मंत्रालयाची सही दुसऱ्या मंत्रालयाने ओळखावी, यासाठी मध्ये व्यापारी संघटनेची साक्ष कशाला? डिजिटल स्वाक्षरी असलेल्या केंद्रीय कागदांना थेट इलेक्ट्रॉनिक अपॉस्टिल देण्यास नव्या कायद्याचीही गरज भासू नये. हेग परिषदेने अशा अपॉस्टिलचा कार्यक्रम २००६ मध्येच हाती घेतला होता. परराष्ट्र आणि कंपनी व्यवहार या दोन खात्यांनी एकत्र बसून एवढा एक टप्पा जरी वगळला, तरी राज्यांकडे बोट दाखवण्याचा अधिकार केंद्राला मिळेल.