परिचारिकेला औषध कळले पाहिजे

रुग्णाच्या हातावर गोळी ठेवणे निराळे आणि औषधोपचार करणे निराळे. मनोविकारांच्या बाबतीत या भेदावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते.

१९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिनचा गुण दाखवून दिला. १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल आले. भास व भ्रम यांना औषधाने आवर घालता येतो, हे सिद्ध झाले आणि असंख्य रुग्णांना घरी परतण्याची वाट मोकळी झाली. परंतु या औषधांना दुसरी बाजूही आहे. रुग्ण एका जागी बसत नाही, सारख्या येरझारा घालतो. ही अस्वस्थता पुष्कळदा औषधानेच आणलेली असते. ती रोगाचाच जोर समजली गेली, तर मात्रा वाढविली जाते आणि यातनाही वाढतात. कोणाची मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर फिरतात. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते. वास्तविक वेळीच ओळखल्यास साध्या इंजेक्शनने हा त्रास लवकर उतरतो. भरपूर ताप येऊन अंग ताठरले, तर मात्र प्राणावर बेतू शकते. क्लोझापिन घेणाऱ्याचा घसा दुखून ताप आला, तर रक्तातील पांढऱ्या पेशी तातडीने तपासाव्या लागतात.

ही लक्षणे प्रथम कोणाच्या दृष्टीस पडतात? डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची. परिचारिका मात्र पाळीपाळीने अहोरात्र रुग्णाजवळ असते. तिने पाहिले, पण त्याचा अर्थ तिला उमगला नाही, तर ते पाहणे व्यर्थ होय. त्यात दोष तिचा नसून तिला ते न शिकविणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सामान्य परिचर्येची पदविका वा पदवी घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेलाही मानसिक आरोग्य परिचारिका मानले आहे. मनुष्यबळाचा तुटवडा पाहता ही तरतूद अपरिहार्य असेलही. परंतु विशेष शिक्षणाची अट शिथिल करणाऱ्यांवर सेवेत असताना ते शिक्षण देण्याची जबाबदारी येते.

न्हावा शेवाचे उदाहरण घ्यावे. १९८९ मध्ये येथे बंदर सुरू झाले आणि त्याबरोबर दूरदूरचे कामगार व वाहनचालकही आले. राज्यातील जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी त्यांना जवळचे म्हणजे १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, मुंबईही जवळ आली. तथापि मध्यरात्री मान वाकडी झालेला रुग्ण प्रथम जाणार तो जवळच्या दवाखान्यातच. आणि तेथे त्याला भेटणार ती बहुधा परिचारिका.

परिचारिकेने आता डॉक्टरांचे काम करावे काय, असा आक्षेप निघेल. निदान व मात्रा हा डॉक्टरांचाच अधिकार आहे. परिचारिकेने ओळखावे, नोंदवावे आणि विनाविलंब कळवावे, एवढीच अपेक्षा. त्यासाठी दरवर्षी चार दिवसांचे प्रशिक्षण, प्रत्येक दवाखान्यात दुष्परिणामांचा मराठी तक्ता आणि घरी जाणाऱ्या रुग्णासोबत त्याच्या औषधाचे व धोक्याच्या लक्षणांचे कार्ड, इतके पुरे आहे. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या प्रत्येक पेटीबरोबर आत काय आहे हे सांगणारा कागद असतो. माणसाच्या बाबतीत तेवढी दक्षता घेणे शासनाला जड जाऊ नये.