लोकर घेताना आधी मोरीचा विचार करा

दिवाळी संपली की दुकानांच्या दारात लोकरीच्या लडी लटकू लागतात आणि आपल्या भगिनींच्या पिशव्यांतून सुया डोकावू लागतात. मुंबईत थंडी म्हणजे आठवडा-पंधरा दिवसांची पाहुणी. पण नागपूर, अमरावती, नाशिककडे ती चांगली मुक्कामाला येते. सकाळच्या शाळेची मुले, रात्रपाळीचे कामगार, पहाटे भाजी आणायला जाणाऱ्या बाया, यांना अंगावर काही तरी उबदार हवेच असते.

आधीच एक स्पष्ट सांगतो. घरी विणलेला स्वेटर स्वस्तच पडतो असे नाही. बाजारात यंत्रावरचा स्वेटर पुष्कळदा नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळतो. मग विणायचे कशाला? तर घरचा स्वेटर उसवता येतो, वाढवता येतो आणि मोठ्याचा धाकट्याला नव्याने विणता येतो. हा फायदा हवा असेल तर लोकर विचार करून घेतली पाहिजे. नुसता रंग आवडला म्हणून घेतली, तर पैसे आणि हातांची मेहनत दोन्ही वाया जातात.

दुकानात आपण जिला सरसकट लोकर म्हणतो, तिच्यातली बरीचशी मेंढीच्या अंगावरची नसतेच. ती अॅक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांतून कारखान्यात केलेला धागा. यात फसवणूक आहे असे नाही. लेबलवर तसे लिहिलेले असते, आपण वाचत नाही एवढेच. खऱ्या लोकरीच्या मालावर पुष्कळदा वुलमार्कची खूण असते, लोकरीची गुंडाळी असावी अशी पट्ट्यापट्ट्यांची. ही खूण १९६४ सालापासून चालत आलेली आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकरही खरीच, पण ती राठ. तिची घोंगडी नामी होते, पाऊस अंगावर झेलते. लेकराच्या स्वेटरला मात्र ती टोचेल.

मग खरी लोकर चांगली की अॅक्रिलिक? हे दुकानदाराला विचारून ठरत नाही. आपल्या घरच्या मोरीकडे पाहून ठरते. आपल्याकडे कपडे भिजतात सोड्याच्या पावडरीत, मग त्यांना ब्रश लागतो, धोपाटणे लागते, पीळ घालून पिळले जातात आणि दोरीवर जातात. खरी लोकर हे सोसत नाही. सोड्याने तिचा धागा कमजोर होतो. गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि दहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर पाच वर्षांच्या मुलाला होईल एवढा आटतो. तो पुन्हा मोठा होत नाही. म्हणून रोज मळणाऱ्या शाळेच्या स्वेटरला अॅक्रिलिकच बरी, असे आमचे मत आहे. धुवायला सोपी, कसर लागत नाही, रंग टिकतो. फक्त तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका. धागा मरगळतो आणि स्वेटर फडक्यासारखा लोंबू लागतो. आणि खरी असो वा अॅक्रिलिक, ओला स्वेटर दोरीवर टांगू नये. पाण्याच्या वजनाने तो ताणतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि खाटेवर पसरून वाळवावा.

पण एका ठिकाणी अॅक्रिलिक नको म्हणजे नको, ते म्हणजे विस्तवाजवळ. भगिनींनो, हे जरा लक्ष देऊन वाचा. थंडीच्या दिवसांत पहाटे उठून आपण अंगावर शाल घेतो, तिचा पदर सोडलेलाच असतो आणि तशाच चुलीपुढे किंवा शेगडीपुढे उभ्या राहतो. घरचा माणूस रात्री पहाऱ्यावर असेल तर तो गळ्यात मफलर टाकून शेकोटीवर वाकतो. अॅक्रिलिक पटकन पेट घेते, आणि नुसते जळत नाही, वितळते. वितळलेला धागा कातडीला चिकटतो आणि भाजणे खोलवर जाते. खरी लोकरही जळते, पण ती सहज पेटत नाही आणि ज्योत दूर झाली की बहुधा विझते. म्हणून भट्टीवर, वेल्डिंगवर काम करणाऱ्यासाठी, पहारेकऱ्यासाठी आणि जिचा अर्धा दिवस चुलीपुढे जातो तिच्यासाठी, पैसे साठवून का होईना, खरी लोकर घ्यावी. रखवालदाराला तिचा आणखी एक फायदा आहे. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा पोटात घेते तरी ओली लागत नाही, त्यामुळे दवातही ऊब राहते. एवढी लोकर परवडत नसेल तर चुलीपुढे शाल नकोच. अंगाबरोबर बसणारी बिनबाह्यांची बंडी विणा आणि ती साडीखाली किंवा सुती ब्लाउजच्या आत घाला. आणि दुर्दैवाने कपडा पेटलाच तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे, चिकटलेला कपडा ओढून काढू नये आणि तसेच दवाखाना गाठावा.

लेबल नसलेली सुटी लोकर घेतली असेल तर ती कोणती हे घरी पाहता येते. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, मुलांना लांब करा आणि काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली तर ती मेंढीची लोकर. काळा धूर निघाला आणि टोकाला न फुटणारा कडक काळा मणी झाला तर अॅक्रिलिक. कागद जळल्याचा वास आला तर सूत. दोन्हींची खूण थोडी थोडी दिसली तर मिसळीचा धागा समजावा आणि विस्तवाच्या बाबतीत त्याला अॅक्रिलिकच मानावे.

आता किती घ्यायची? डबल निटिंग म्हणतात त्या मध्यम जाडीच्या लोकरीत नवजात बाळाच्या सदऱ्याला शंभर ग्रॅम, आठ वर्षांच्या मुलाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला सुमारे अडीचशे, मोठ्या माणसाच्या स्वेटरला साडेचारशे ते पाचशे आणि कानटोपीला पाऊणशे ग्रॅम धरून चाला. भरीव नक्षी, वेण्या वगैरे असतील तर जास्त लागते. सगळी लोकर एकदमच घ्या. लेबलवर शेड नंबरखेरीज लॉट नंबर असतो. शेड तीच पण लॉट वेगळा असला तर दिवसाच्या उजेडात दोन बाह्या दोन रंगांच्या दिसतात. दुकानदार न उघडलेले गोळे परत घेईल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. लाजू नये.

सुयांच्या जुन्या नंबरांचे गणित उलटे आहे, नंबर मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर सव्वातीन मिलिमीटर. या मध्यम लोकरीला खालची एक सुलट एक उलट पट्टी दहा नंबरवर आणि वरचा भाग आठवर, हे सहसा जमते. सहसा म्हणतो, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. कोणी घट्ट विणते, कोणी सैल. म्हणून तीस टाक्यांचा एक चौकोन आधी विणून पाहा आणि मधल्या चार इंचांत किती टाके बसतात ते मोजा. समजा बावीस बसले, म्हणजे इंचाला साडेपाच. मुलाची छाती सत्तावीस इंच, स्वेटर तीस इंच हवा, म्हणजे पुढचा भाग पंधरा इंच आणि त्याचे टाके ब्याऐंशी. आता तुमचा हात घट्ट असला आणि इंचाला सहा टाके बसत असले, तर तेवढ्याच ब्याऐंशी टाक्यांचा स्वेटर होतो सव्वासत्तावीस इंच. गणवेशाच्या शर्टावर तो चढणारच नाही. चौकोनाला अर्धा तास लागतो. स्वेटर वाया गेला तर महिना जातो.

मुले दर वर्षी वाढतात, स्वेटर वाढत नाही. त्यावर उपाय असा की बाही मनगटाकडून सुरू न करता मुंढ्यापाशी टाके उचलून खाली विणत यावी. विणकाम शेवटच्या टोकाकडूनच सहज उसवते. पुढच्या वर्षी मनगटाची पट्टी उसवायची आणि दोन इंच लांबवायची. त्यासाठी एक गोळा राखून ठेवा. ठेवलेला गोळा धुतलेल्या स्वेटरपेक्षा उजळ दिसणार, म्हणून जोडाच्या जागी दुसऱ्या रंगाच्या चार ओळी घाला. जोड दिसत नाही, उलट शोभा येते.

बाळाच्या कपड्यांसाठी केसाळ, पिसासारखी लोकर घेऊ नका, तंतू तोंडात जातात. पायमोजे घालण्यापूर्वी उलटे करून पाहा. आत सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडते, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. गळ्याशी नाडी नको, खांद्यावर पक्के शिवलेले बटण लावा.

जुना स्वेटर उसवण्यापूर्वी तो आतून पाहावा. बगलेची शिवण साध्या टाक्यांची असेल तर उसवा. कडा कापून ओव्हरलॉक मारलेली असेल तर सोडून द्या, हातात वीत-वीतभर तुकडेच येतील. चांगली निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी बांधावी, अर्धा तास कोमट पाण्यात बुडवावी आणि खाली हलके वजन लावून सावलीत टांगावी. मेंढीच्या लोकरीच्या गाठी-मुरडी सरळ होतात, अॅक्रिलिकच्या पुरत्या जात नाहीत. ती पट्ट्यांच्या नक्षीत वापरावी.

जाता जाता एक. शेजारपाजारचे लोक लोकर आणून देतात आणि "बसल्या बसल्या विणून द्या" म्हणतात. मोठ्या माणसाचा स्वेटर रोज दोन तास बसले तरी तीन आठवडे घेतो. बेचाळीस तास झाले. बेचाळीस तास दुसऱ्या कोणाकडे फुकट काम मागून पाहा म्हणावे. लोकरीचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी आणि मजुरीतला अर्धा भाग टाके घालण्यापूर्वी.

पुढच्या अंकात पाऊणशे ग्रॅममध्ये होणाऱ्या कानटोपीचे टाके देत आहोत. आठ आणि दहा नंबरच्या सुया काढून ठेवाव्यात.