सुंग भगिनी आणि एका म्हणीचा जाच

चीनच्या आधुनिक इतिहासाचा विषय निघाला की सुंग भगिनींविषयीची एक चिनी म्हण हटकून ऐकवली जाते. तीन बहिणी : एकीला पैसा प्रिय, एकीला सत्ता, एकीला देश. १९९७ साली निघालेला त्यांच्यावरचा चित्रपटही याच म्हणीने सुरू होतो. आम्हां साहित्याच्या माणसांना तर ती फारच भावते, कारण तिचा घाट लोककथेचा आहे. आणि नेमके म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहावे, असे आमचे मत आहे.

या म्हणीत वडील नाहीत. चार्ली सुंग अमेरिकेत शिकून मेथडिस्ट धर्मप्रचारक म्हणून १८८६ मध्ये शांघायला परतले, बायबलच्या छपाईतून श्रीमंत झाले आणि सन यत्-सेन यांच्या क्रांतिकार्याला पैसा पुरवू लागले. मुलींना त्यांनी अमेरिकेत शिकवले. थोरली आय-लिंग आणि नंतर छिंग-लिंग या सन यांच्या सचिव झाल्या. १९१५ मध्ये छिंग-लिंगने वडिलांचा विरोध झुगारून सन यांच्याशी विवाह केला. आय-लिंग त्याआधीच एच. एच. कुंग यांच्या घरी गेली होती; धाकटी मेइ-लिंग १९२७ च्या डिसेंबरात च्यांग काय-शेक यांची पत्नी झाली.

म्हणीत भाऊही नाही, आणि हे तर अक्षम्यच! घराण्याचा खरा प्रभाव लग्नमंडपापेक्षा खजिन्यात शोधावा लागतो. टी. व्ही. सुंग १९२८ पासून अर्थमंत्री होते आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या मध्यवर्ती बँकेचे पहिले गव्हर्नरही तेच. १९३३ मध्ये त्यांच्या जागी आले ते मेहुणे कुंग, आणि १९४४ पर्यंत टिकले. म्हणजे जपानी आक्रमणाच्या आधीपासून ते युद्धाच्या अखेरीपर्यंत देशाच्या तिजोरीची किल्ली एकाच गोतावळ्यात फिरत होती. चांदीचे चलन सोडून १९३५ मध्ये कागदी नोटा आल्या, युद्धाचा खर्च त्या छापून भागवला गेला, आणि चलनवाढीने मध्यमवर्ग व पगारदार प्राध्यापक धुळीला मिळाले. (आमच्या पेशाला हा तपशील विशेष झोंबतो.) १९४७ मध्ये इतिहासकार फू स्स-न्येन यांनी सुंग यांनी पायउतार व्हावे, असे जाहीरपणे लिहिले, सुंग यांना पंतप्रधानपद सोडावेही लागले. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये साठेबाजांवर कारवाई करताना च्यांग यांच्या मुलाने कुंगपुत्राच्या कंपनीला हात घातला, तेव्हा मेइ-लिंग भाच्यासाठी धावली. त्या मोहिमेची पत तिथेच संपली.

अर्थात 'चार मोठी घराणी' हे शीर्षक घेऊन १९४६ मध्ये पुस्तक लिहिणारे छन बो-दा हे कम्युनिस्ट प्रचारक होते, हे विसरून चालणार नाही. सारा दोष चार आडनावांवर टाकला की युद्ध, दुष्काळ, सरंजामदार हे सगळे प्रश्न बाजूला पडतात. म्हणही हेच करते, फक्त गोड आवाजात.

आणि 'देशप्रेमी' छिंग-लिंग? १९२७ च्या कत्तलीनंतर तिने च्यांग यांचा उघड निषेध केला, हे धैर्य निर्विवाद. १९३८ मध्ये डॉ. कोटणीसांच्या वैद्यकीय पथकाचे चीनमध्ये स्वागत करणाऱ्यांत ती होती, म्हणून मराठी वाचकाला ती जवळचीही वाटते. पण ज्या राजवटीची ती उपाध्यक्ष होती, तिच्याच रक्षकदलांनी सांस्कृतिक क्रांतीत तिच्या आईवडिलांची कबर उद्ध्वस्त केली. नंतर ती पुन्हा बांधण्यात आली. १९८१ मध्ये छिंग-लिंगला तिथेच, शांघायमध्ये पुरले. नानजिंगला सन यांच्याजवळ नव्हे. मेइ-लिंग अंत्यविधीला आली नाही.