चार पैशांची गोष्ट : डबा चांगला, शेअरचं काय?



तोक्योच्या एदोगावा भागात फुनाबोरी आहे. तिथे मुलाकडे महिनाभर राहून आलो. त्याच्या घरात इंटरनेटची तार नाही. खिडकीत एक डबा ठेवलाय, विजेची पिन लावली की काम सुरू. नात म्हणाली, "आजोबा, याच कंपनीचे शेअर घ्या ना!" निवृत्तीची पुंजी माझी, म्हटलं आधी बघू तर खरं. दोघं वही घेऊन बसलो.

गंमत अशी, की डोकोमोने असा डबा ऑगस्ट 2021 मध्ये आणला, पण डोकोमोचा शेअर बाजारात मिळतच नाही. 2020 च्या अखेरीस मूळ कंपनी एनटीटीने तो सगळा विकत घेतला. सॉफ्टबँकेचा शेअर डिसेंबर 2018 मध्ये 1500 येनला विकला गेला आणि पहिल्याच दिवशी 1282 वर बंद झाला. पुढे सावरला. केडीडीआयने वीसहून अधिक वर्षं दरवर्षी लाभांश वाढवला. रकुतेनने 2020 मध्ये नवं जाळं सुरू केलं, पण ते उभारताना अनेक वर्षं मोठा तोटा सोसला.

नात म्हणाली, "मग सर्वांत स्वस्त तो घ्या." इथेच माणूस फसतो. एनटीटीने 2023 मध्ये एका शेअरचे 25 केले, सॉफ्टबँकेने 2024 मध्ये एकाचे 10. भाकरीचे तुकडे जास्त केले म्हणून भाकरी स्वस्त होत नाही. भाव नव्हे, दर शेअरमागे नफा किती, कर्ज किती, ते पाहावं.

आता डब्याचं. चाळीच्या टाकीवर सकाळी सगळ्यांनी नळ सोडले की पाण्याचा जोर कमी होतो ना? टॉवरचं तसंच. घरं वाढली की वेग घटतो, मग कंपनीला आणखी खर्च करावा लागतो. शिवाय डबा हा कंपनीच्या धंद्याचा छोटा भाग. शेअर घेतला की मोबाइल, कर्ज, सगळंच पदरात येतं. आपल्याला येनचा भावही सोसावा लागतो.

एनटीटीचाच शेअर 1987 च्या फेब्रुवारीत बाजारात आला. सरकारने तो सुमारे 12 लाख येनला विकला होता, एप्रिलमध्ये तो 31 लाखांवर गेला. मग असा कोसळला, की शिखरावर घेणारे वर्षानुवर्षं वाट पाहत बसले. कंपनी मात्र चांगलीच चालली होती!

मी अजून काही घेतलेलं नाही. आधी तिघांचे पाच वर्षांचे हिशेब वहीत उतरवतोय. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. औषधपाण्याचे पैसे तर बाजारात घालूच नका. बालमित्रांनो, तुम्ही आजी-आजोबांची वही धरा.