मृत्यूची आगाऊ विनंती

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ३० ऑक्टोबर २०२४ पासून एक नवी तरतूद अमलात आली. स्मृतिभ्रंशासारख्या असाध्य व्याधीचे निदान झालेल्या व्यक्तीला, बुद्धी शाबूत असतानाच, पुढे अमुक लक्षणे प्रकट झाली म्हणजे वैद्यकीय साहाय्याने आपले जीवन संपवावे, अशी विनंती नोटरीसमोर अथवा दोन साक्षीदारांसमोर करून ठेवता येते. देशाच्या फौजदारी संहितेत तशी दुरुस्ती होण्याची वाट न पाहता प्रांताने हे पाऊल उचलले.

ही मागणी पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. २०१८ साली हॅलिफॅक्समधील एका कर्करुग्ण स्त्रीला नाताळपर्यंत जगायचे होते. तथापि अखेरच्या क्षणी संमती देण्याइतकी शुद्ध उरली नाही तर हक्क हातचा जाईल, या धास्तीने तिने १ नोव्हेंबरलाच मृत्यू पत्करला. कायद्याच्या काटेकोरपणाने तिचे आयुष्य आखूड केले. मृत्यू नजीक आलेल्या रुग्णांपुरती ही अट संसदेने २०२१ साली सैल केली, हे योग्यच झाले.

परंतु ठरलेल्या दिवसासाठी दिलेली संमती निराळी आणि कित्येक वर्षांनी येणाऱ्या अवस्थेसाठी दिलेली निराळी. नेदरलँड्समध्ये २००२ च्या कायद्याने अशी लेखी विनंती ग्राह्य ठरवली आहे. तेथे २०१६ साली स्मृतिभ्रंश झालेल्या एका ७४ वर्षांच्या वृद्धेला कॉफीतून गुंगीचे औषध दिले गेले. तरीही ती मध्येच उठू लागली, तेव्हा घरच्यांनी तिला धरून ठेवले. डॉक्टर २०१९ साली निर्दोष सुटली. न्यायालयाने कागदावरील स्त्रीचे ऐकले; उठू पाहणारीचे कोणी ऐकावयाचे? कराराचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मिळते. या करारात ती कोणाला देणार?

अर्थशास्त्रात निवड म्हणजे उपलब्ध पर्यायांतील निवड. कॅनडाच्या संसदीय अर्थसंकल्प अधिकाऱ्याने ऑक्टोबर २०२० मध्ये असा अंदाज मांडला की, विस्तारित कायद्यामुळे २०२१ साली आरोग्यखर्चात एकूण सुमारे १४.९ कोटी डॉलरची निव्वळ बचत होईल. हिशेब मांडणे हे त्या कार्यालयाचे कामच आहे. त्याला दोष कशाला? मात्र ज्या समाजात मरण स्वस्त आणि शुश्रूषा महाग, तेथे ‘मी कोणावर भार होऊ इच्छित नाही’ हे वाक्य कोण लिहितो आणि कोणामुळे लिहितो, हे तपासलेच पाहिजे. अपंगांच्या संघटनांनी २०२१ च्या दुरुस्तीला विरोध केला, तो याच शंकेने.

म्हणून विनंती नोंदविण्यापूर्वी शुश्रूषेची सार्वजनिक सोय हाताशी असली पाहिजे, आणि विनंती अमलात आणण्याच्या वेळी रुग्णाने हात जरी मागे घेतला तरी डॉक्टरने थांबलेच पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलेले ‘लिव्हिंग विल’ केवळ उपचार नाकारण्यापुरते आहे. ते पुढे न्यावे, असे म्हणणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे : अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे आज सुनेवाचून दुसरे कोण करते?