सेटलमेंट फोनवर नको, कागदावर

वसुली एजंट म्हणतो, "अर्धे भरा, विषय संपला." विषय संपत नाही. उरलेली रक्कम बँकेने सोडून दिली की सिबिलच्या अहवालात खात्यापुढे 'सेटल्ड' लागतं, आणि पुढची बँक ते 'पूर्ण फेडलं नाही' असंच वाचते. हप्त्याहप्त्याने का होईना, पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घेणंच बरं.

आपल्या मुलांचं दुखणं थोडं वेगळं आहे. व्याजाचं कर्ज, म्हणून अब्बांना सांगायची लाज. मग एजंटचे फोन एकट्यानेच झेलायचे. व्याज हराम, मान्य. म्हणून घेतलेली मुद्दल बुडवणं हलाल होत नाही.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत (सूरह अल-बकरह, 282) उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. मग इथेच तोंडी व्यवहार का? आधी बँकेचं पत्र मागा. पैसे फक्त कर्जखात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. शेवटी 'नो ड्यूज'चा दाखला घ्या. चारही क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा अहवाल मोफत देतात; त्यात चूक असेल तर तक्रार करा. ती 30 दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. आणि वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर आला, तर वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने त्याला मनाई केली आहे.